जुन्या नाकाचं माप

१२ फेब्रुवारी
दुकानातून, दुपारच्या सुट्टीत

प्रिय दादास,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिला असता, पण डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे. खाली वाकलं की रक्त तोंडाकडे उतरतं आणि जखम ठणकायला लागते. तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझा गुडघा, वहिनीची झोप आणि भाचीचं बाळ तिकडे ठीक असतील असं धरून चालते.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोन केला की वहिनी उचलते. कधी तू झोपलेला असतोस, कधी अंघोळीला गेलेला, आणि बहुतेक वेळा फिरायला गेलेला. गुडघा दुखतो म्हणून लेकीकडे जाऊन राहिलेला माणूस दिवसभर फिरतो कसा, हे मला कोणीतरी समजावून सांगा. पत्र तुझ्या हातात पडेल. ते काही वहिनीला तुझ्या वतीने वाचता येणार नाही.

दुकान सुरू आहे. टाके निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शटर वर केलं. तुझे मेहुणे मास्तर म्हणाले, एवढी घाई काय आहे? म्हटलं, घरात बसून भिंतीकडे बघायचं, तर दुकानात बसून भिंगांकडे बघते. डोळे तपासणाऱ्या बाई नेहमीच्या दिवशी येतात. त्यांचं काम बिनबोभाट चालतं. गोची माझी आहे.

माझा चष्मा मला घालता येत नाही, दादा. तुला मी काय समजावू! चष्मा टेकतो दोन ठिकाणी, नाकावर आणि कानामागे. डॉक्टरांनी नाकाच्या बाजूचा तुकडा काढला, आणि तो खड्डा भरायला कातडी घेतली कुठून, तर कानामागून. म्हणजे चष्म्याच्या दोन्ही जागा एकाच दिवशी गेल्या. दुसऱ्या कोणाच्या दुकानात हे घडलं असतं तर तू जेवताना आम्हाला हसून सांगितलं असतंस. मी सध्या काय करते, ऐक. चष्म्याच्या मधल्या भागाला कागदी चिकटपट्टी लावते आणि तो कपाळाला लटकवते. काड्या कानांना न टेकता हवेत. गिऱ्हाईक आत येतं, माझ्याकडे बघतं आणि बाहेरची पाटी पुन्हा वाचून येतं. चष्म्याचं दुकान, आणि चालवणारीला स्वतःचा चष्मा धड घालता येत नाही.

काल एक बाई आल्या. फ्रेम बघून झाली, मी काड्यांची लांबी बघायला पुढे झाले, तर त्या खुर्चीतच मागे सरकल्या. "लागट तर नाही ना हो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "लागट असतं तर आधी समोरच्या दुकानदाराला लावून आले असते." त्या उठून गेल्या. कुठे, तर समोरच्याच दुकानात. जाऊ दे. त्यांना तिथे काचा तिरक्या बसवून मिळोत.

लोक काय काय बोलतात, दादा! "तसा साधाच ना तो कॅन्सर?" साधा! साधा असतो तर तुम्ही का नाही घेतलात? "बरं झालं, चेहऱ्यावर निभावलं." "आता या वयात कोण बघतंय!" हे तर आपल्या घरमालकिणीने सांगितलं, तेही माझ्या हातचा चहा पिताना. अगं बाई, मी दिवसभर आरशासमोर उभी राहून पोट भरते. गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघतं आणि त्याच्या खांद्यावरून मागे मी दिसते. सगळे बघतात. पूर्वी मला कोणी बघत नव्हतं, आता फ्रेम सोडून मलाच बघतात.

आई म्हणायची ना, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग आहे म्हणून? डॉक्टरांनी शेंडा ठेवलाय. तेव्हा राग शाबूत आहे.

ऑपरेशनचं तुला कोणी नीट सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तू विचारलं नसणारच. पूर्ण भूल देत नाहीत. तेवढीच जागा बधिर करतात, तोंडावर हिरवं कापड टाकतात आणि आपण जागे असतो. दुखत नाही, पण आवाज येतो. एक थर काढला की तो तपासायला नेतात, आणि तोवर पट्टी लावून बाहेर बाकावर बसवतात. कडेला अजून काही राहिलंय म्हटलं की पुन्हा आत. मला परत परत आत नेलं. बाकावर शेजारी एक पोस्टातले काका बसले होते, त्यांच्या कानाला पट्टी. आम्ही दोघं दाराकडे बघत होतो. ते त्यांच्या नंबराची वाट बघत होते. मी तुझी.

वहिनी शेजारी होती. मी विचारलं, दादा कुठाय? "गाडी लावतायत." तासाभराने विचारलं. "गाडी लावतायत, जागाच नाहीये हो." दुपारी विचारलं, तेव्हा ती माझा हात चोळत बसली. सकाळपासून दुपारपर्यंत गाडी लावत होतास? मास्तरांनी खिडकीतून बघितलं. गाडी केव्हाच लावलेली होती, दादा, आणि तू तिच्यात बसला होतास. काचा वर करून.

आणि तीनच दिवसांनी तुझा गुडघा दुखायला लागला.

मास्तरांनी मला बजावलंय, राग उतरल्यावर पत्र लिही म्हणून. म्हटलं, मग ते पुढच्या जन्मीच लिहावं लागेल. चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या त्या पॅडविषयी एक अक्षर लिहायचं नाही एवढं मात्र मी त्यांना कबूल केलंय, आणि लिहीतही नाहीये.

कामाचं तेवढं सांगते. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवसांनी चष्मा घालायला हरकत नाही. पण नवी कातडी बसवलीय तिथे कशाचाही भार नको, घासणं नको. म्हणजे फ्रेम खास करावी लागणार. भार उजव्या बाजूला आणि वर, भुवयांच्या मधे घ्यायचा, डावा पॅड उचलून धरायचा, आणि काडी कानाच्या मागे न वळवता डोक्याला हलकी दाबून ठेवायची. हे मला तोंडाने सांगता येतं, हाताने करता येत नाही. स्वतःच्या नाकावर स्वतःला करताही येत नाही. ते कोणाला जमतं, हे तुला चांगलं माहीत आहे.

तेव्हा ये. रडायला नको, बोलायलाही नको. कामाला ये.

वहिनीला नमस्कार, बाळाला पापा. तुला काय लिहायचं ते आल्यावर ठरवू.

तुझी
धाकटी


१० मार्च
घरून, सकाळी

दादा,

'प्रिय' लिहायचं राहिलेलं नाही, गाळलंय.

तुझं पार्सल मिळालं. तू आला नाहीस, खोका आला. मी कात्री घेऊन बसले, मास्तर चहाचा कप हातात धरून उभे. आत कापूस, कापसात मऊ फडक्याची घडी आणि घडीत फ्रेम, माझ्या नंबराच्या काचा बसवलेली. चिठ्ठी असेल म्हणून मी सगळा कापूस विस्कटला. कापूस पिंजल्यासारखी खोली झाली. चिठ्ठी नव्हती. एक ओळ नाही, एक शब्द नाही, 'कशी आहेस' एवढंसुद्धा नाही.

फ्रेम मात्र सुंदर आहे. खोटं कशाला बोलू? हातात घेतली आणि कळलं, तुझं काम आहे. तिकडे कुणाच्या दुकानात बसून केलंस कोण जाणे. वजन असं नाहीच. पकडीला फडकं गुंडाळून वाकवतोस म्हणून तुझ्या तारेवर ओरखडा नसतो, तसा इथेही नाही. आणि लहानपणी मी झोपाळ्यावरून पडले तेव्हापासून माझं नाक जरासं डावीकडे कललेलं होतं, तेवढासुद्धा फरक तू धरलास. डावा पॅड किंचित बाहेर. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, दादा. म्हटलं, एवढं लक्षात आहे याच्या. मी लगेच चष्मा घातला.

आणि तो बसला. चपखल बसला. म्हणजे, ज्या नाकासाठी केला होता त्या नाकावर चपखल बसला असता, आणि ते नाक आता नाहीये! डावा पॅड नेमका नव्या कातडीच्या मधोमध. मी पत्रात लिहिलं होतं तुला. भार वर घ्यायचा, डावीकडे नको, सगळं लिहिलं होतं. वाचलं नाहीस? का वाचलंस, आणि तुझा हात आपला जुन्याच वळणावर गेला? दिवसभर मी तो घालून बसले, कारण महिन्याभराने पहिल्यांदा मला समोरच्या घराच्या खिडक्या नीट दिसत होत्या, आणि थोडं टोचलं तर टोचू दे म्हटलं. संध्याकाळी काढला तर पॅडला रक्त. कातडी अजून कागदासारखी पातळ आहे, ती फाटली.

डॉक्टर माझ्यावर असे उखडले म्हणतोस! "कोणी बसवून दिला हा चष्मा? आणि दुकान कशाचं आहे म्हणालात तुमचं?" मी मान खाली घालून बसले. काय सांगणार, या गावातल्या सगळ्यात चांगल्या कारागिराने बसवून दिला, फक्त न बघता? मास्तर रोज सकाळी माझी जखम पुसतात, मलम लावतात. भूगोलाचा माणूस, त्याची चेष्टाही भूगोलाचीच. "आज नदीचं पात्र कोरडं आहे," "आज घाटात धुकं नाही." त्या दिवशी नदी नाही की घाट नाही. दोनदा पुसून मगच मलम लावलं. पण ते बघत होते, दादा. बोटभर अंतरावरून बघत होते.

आता मी कबूल केलेलं मोडते. मास्तरांना वाईट वाटलं तर वाटू दे.

दीड वर्षापूर्वी मी तुला दाखवलं होतं, नाकावर पुटकुळी आलीय, चकचकीत, जात नाही. तू म्हणालास, "पॅड घासतोय, बस इकडे." पॅड बदललास. मग मऊ पॅड लावलेस. मग ते सरकवलेस. मग फ्रेमच बदललीस. प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा खपली. तोंड धुताना रक्त यायला लागलं, तेव्हा म्हणालास, "तू चष्मा फार घट्ट घालतेस." डोळे तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, कातडीच्या डॉक्टरला दाखवा. तू काय म्हणालास आठवतंय? "डोळेवाल्या बाईंनी लोकांच्या नाकात नाक खुपसू नये." सगळे हसलो. बाई हसल्या, मीसुद्धा हसले. आणि मग आणखी तीन महिने गेले. दुसऱ्या कुठल्या घरात आईने, नवऱ्याने, शेजारणीने ओढत नेलं असतं डॉक्टरकडे. आपल्या घरात आपण पॅड बदलत बसलो.

लिहून टाकलं. घे.

आणि हे वाचून तू मान खाली घालशील, जेवण सोडशील, आणि वहिनी मला फोन करेल. परवाही केला होता. "त्यांना एकदा सांगा ना, तुमचा राग नाही म्हणून. दोन घास खात नाहीत हो." का सांगू? राग आहे! नाक माझं कापलं आणि पाठीवरून हात तुझ्या फिरवायचा? जखम माझी, मलम माझं, आणि सांत्वन तुझं करायचं? हे कुठलं रे रडगाणं! मला आजारी पडायला तरी नीट मिळालं का? ऑपरेशनच्या टेबलावरून उतरले तेव्हापासून सगळे मला सांगतायत, दादाला फार लागलंय हो मनाला. मला नाकाला लागलंय, त्याचं काय?

चुकलास, हे खरं आहे. तुझा डोळा चष्म्याकडे गेला आणि खालच्या कातडीकडे नाही गेला. माझाही नाही गेला. मीही त्याच धंद्यात केस पांढरे केले, मलाही पॅडच दिसला. तुला निदान लेकीकडे पळता आलं. मी माझ्या नाकापासून कुठे पळू?

मागच्या पंधरवड्यात ते गाडी शिकवणारे आले होते, टक्कल असलेले, तुझ्याशी तासन्‌तास गप्पा मारतात ते. "पॅड जरा वाकवून द्या, घासतोय. मागे दादांनी एकदा बदलून दिला होता." मी त्यांचा चष्मा काढला, तर खाली खपली. मी त्यांना म्हटलं, मी हात लावणार नाही, आधी डॉक्टरला दाखवा. ते हसायला लागले. मी कपाळावरची चिकटपट्टी काढली, दिव्याखाली तोंड नेलं आणि म्हटलं, नीट बघा. हसू थांबलं त्यांचं. तसेच गेले.

काल परत आले. काही नव्हतं. नुसतं घासलेलं होतं. आठवडाभर चष्मा काढून ठेवला तर खपली पडून गेली. मला लिमलेटच्या गोळ्यांचा डबा देऊन गेले आणि दादा कधी येणार म्हणून विचारलं. म्हणजे तुझं बहुतेक वेळा बरोबरच असतं. ज्या एका वेळेला नव्हतं, त्या वेळेला नाक माझं होतं.

तेही मी गिळलं असतं, दादा. खरं सांगते, ते मी केव्हाच गिळलंय. घशात अडकलीय ती गाडी. काचा वर करून बसलेला तू. आणि हा खोका, त्यातलं ते सुंदर काम, मला न बघता केलेलं. जन्मभर लोकांच्या तोंडाकडे बघून तू चष्मे केलेस. अनोळखी माणसाची हनुवटी धरून, "इकडे बघा, आता तिकडे बघा" म्हणत. आणि सख्ख्या बहिणीचं तोंड बघवत नाही म्हणून आठवणीतल्या नाकाचं माप धरलंस. ती आठवणीतली बरी दिसत होती ना? मलाही आवडायची ती. पण आता ती नाही, मी आहे.

आता शेवटचं सांगते, आणि यात बदल होणार नाही.

सोमवारी दुकान बंद असतं. या सोमवारी मी सकाळी दुकान उघडेन आणि आरशासमोरच्या खुर्चीत बसेन, गिऱ्हाईकाच्या खुर्चीत. तुझी पकड, तुझं फडकं, तुझा तो मिणमिणता दिवा सगळं जागच्या जागी आहे, मी कोणाला हात लावू दिलेला नाही. तू यायचं, दिवा लावायचा, माझी हनुवटी धरायची आणि बघायचं. नीट बघायचं, दोन्ही बाजूंनी. खड्डा आहे थोडा. रंग अजून वेगळा आहे, कातडी कानामागची आहे ना, तिला ऊन माहीत नाही. हात थरथरला तर थरथरू दे. रडू आलं तर बाजूला होऊन नाक शिंकर आणि परत ये. पण डोळे मिटलेस तर मी तुला दुकानाबाहेर काढेन, मोठा भाऊ बिऊ काही बघणार नाही.

आणि आला नाहीस, तर मंगळवारी मी समोरच्या दुकानात जाईन. हो, त्याच्याच. "तो फ्रेमा विकतो, चष्मे नाही" असं तू जन्मभर ज्याला हिणवलंस त्याच्याकडे. त्याच्या खुर्चीत बसेन आणि सांगेन, आमच्या दुकानात मला चष्मा करून देणारं कोणी नाही. तो वाकडातिकडा करेल, मला ठाऊक आहे. पण त्याआधी तो माझ्याकडे बघेल.

गाडी दुकानासमोर लावायला भरपूर जागा असते.

तुझं
या सोमवारचं एकमेव गिऱ्हाईक